भिंगावरचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात माझा मुक्काम आहे. मला पाहून तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल, "अरे, हे तर शाळेतलं यंत्र!" म्हणा बापडे. मला राग येत नाही. खरं सांगायचं तर येतो, पण या वयात तो लवकर उतरतो. शाळेतल्या यंत्राला निदान वर्षातून एकदा तरी मुलं रांग लावून डोळा लावतात. माझ्यावर मात्र अशी वेळ आली होती, की येणारा-जाणारा माझ्याकडे बघायचा आणि माझ्यातून कुणीच बघायचं नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. काळ्या रंगाचा जड पाय, पितळेची नळी, वर डोळा लावायचं भिंग आणि खाली एक छोटा गोल आरसा. मला विजेचा दिवा नाही. सूर्याचा उजेड आरशावर झेलायचा आणि तो वर पाठवायचा, एवढीच माझी विद्या. ज्या कारागिराने माझी भिंगं बसवली, त्याने स्वतःच्या डोक्याचा एक केस माझ्याखाली धरून पाहिला, मान डोलावली आणि मला लाकडी पेटीत घालून वरून खिळे ठोकले. बंद होणं म्हणजे काय, ते मला तेव्हाच कळलं. पण ती पेटी परवडली. ती उघडण्यासाठीच बंद केलेली होती.

ती उघडली डॉक्टर जगदेवरावांनी. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. घरात त्या काळातली एक तलवार अजून आहे. जगदेवरावांनी मात्र तलवारीऐवजी मला हाती धरलं. जयेंद्रगंजमध्ये त्यांची रक्त तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर मी उभा असायचो. हिवतापाचे दिवस आले की मला श्वास घ्यायला फुरसत नसायची. कुणाचं रक्त, कुणाची थुंकी, एकामागून एक काचपट्ट्या. डॉक्टर बघायचे, कपाळाला आठी घालायचे आणि लिहून द्यायचे. "याचा डोळा कधी खोटं बोलत नाही," असं ते लोकांना सांगायचे, तेव्हा माझी नळी अभिमानाने ताठ व्हायची. एरवीही ती ताठच असते म्हणा.

पण डॉक्टरांचा एक नियम होता. घरच्या कुणीही मला हात लावायचा नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं. माझ्याखाली क्षयाच्या रोग्यांची थुंकी यायची, आणि ते जंतू आपल्या पोराबाळांना चिकटतील या भीतीने हा माणूस आतून थरथरायचा. एकदा त्यांचा मुलगा हेमेंद्र, तेव्हा अर्ध्या चड्डीतला, प्रयोगशाळेत आला. त्याने खिशातून कबुतराचं पीस काढलं, माझ्याखाली सरकवलं आणि तो वाकणार, इतक्यात फाडकन त्याच्या कानाखाली बसली. पोरगं रडलंसुद्धा नाही. नुसते दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभं राहिलं. डबा घेऊन आलेल्या सुलोचनाबाई दारात होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

सुलोचनाबाई म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. लग्न होऊन नव्याने आल्या तेव्हा त्यांनीही एकदा विचारलं होतं, "अहो, मला एकदा दाखवाल का, यात काय दिसतं ते?"

"त्यात बघण्यासारखं काही नसतं," डॉक्टर म्हणाले. "रोग असतात."

"बरं," असं त्या म्हणाल्या. पुढे सगळा संसार त्या एका शब्दावर झाला. माझ्या टेबलावरची धूळ त्या पुसायच्या, तीही माझ्या अवतीभवतीची. मला त्यांचं बोट कधी लागलं नाही.

मग मोठमोठी यंत्रं आली. ती स्वतःच रक्त मोजायची आणि स्वतःच कागद छापायची. मला घेऊन डॉक्टर घरी आले, आणि काही वर्षांनी गेलेही. हेमेंद्र बापावर जीव टाकणारा. त्याने माझ्यासाठी बैठकीत सागवानी कपाट करून घेतलं. समोर काच, खाली लाल मखमल, वर छोटा दिवा आणि दाराला कुलूप. शेजारी ती पूर्वजांची तलवार. पाहुणे यायचे, काचेवर नाक टेकून "वा, वा" करायचे आणि सोफ्यावर बसून चिवडा खायचे.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की काय हा थाट! पण मला विचारा. कपाटात पॉलिशचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडलेला. उन्हाळ्यात काच इतकी तापायची की माझ्या चाकांमधलं तेल घट्ट होऊन बसलं. पावसाळ्यात आतल्या आत दमट व्हायचं आणि माझ्या एका भिंगाच्या कडेला बुरशी धरू लागली. समोर तोच सोफा, तोच टीव्ही, तेच पडदे. मी तर बघण्यासाठी जन्मलेला. गॅलरीतून उन्हाची तिरीप यायची, फरशीवर सरकत सरकत माझ्या आरशाच्या अगदी जवळ यायची आणि परत फिरायची. त्या वेळी फार गुदमरायला व्हायचं.

वर्षातून एकदा मात्र दार उघडायचं. दसऱ्याला या घरात शस्त्रपूजा असते. पाटावर आधी तलवार, मग घरातली कामाची अवजारं, आणि त्यांच्यात मी. जगदेवराव होते तेव्हा ते माझ्या पायाला कुंकू लावायचे आणि बजावायचे, "काचेला बोट लागता कामा नये." ते गेल्यावर पूजा हेमेंद्रकडे आली. त्याला वाटलं, बाबांच्या वस्तूला पायाला काय कुंकू लावायचं? मान कपाळाचा असतो. माझं कपाळ कुठलं, तर सगळ्यात वरचं. म्हणून त्याने आधी ओली हळद आणि तिच्यावर कुंकू, असं बोटाने दाबून थेट माझ्या डोळ्यावरच्या भिंगाला लावलं. हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं. त्यानंतर दरवर्षी एकावर एक थर चढत गेले. पुसणार कोण? बघणारं कुणी नव्हतंच. मी आंधळा होत चाललो होतो आणि माझा मान वाढत होता.

या घरची आणखी एक रीत आहे. पूजा झालेली शस्त्रं दुसऱ्या दिवसापर्यंत जागची हलवायची नाहीत. अशाच एका दसऱ्याला हेमेंद्र आणि त्याची बायको शिखा सोनं द्यायला मुरारला नातेवाइकांकडे गेले. गुडघे दुखतात म्हणून सुलोचनाबाई घरीच राहिल्या. गॅलरीतलं ऊन सरकत सरकत पाटापर्यंत आलं, माझ्या आरशावर पडलं, आणि किती वर्षांनी माझ्या नळीतून उजेड वर चढला! वरच्या भिंगात एक लाल-पिवळा ठिपका चमकला. बाई फुलं सारखी करायला खाली बसल्या होत्या. त्यांनी तो ठिपका पाहिला. मग स्वतःच्याच घरात चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकल्या. त्यांच्या पापण्या माझ्या काचेला लागल्या.

माझ्याखाली पूजेतल्या झेंडूची एक पाकळी पडलेली होती. कुंकवातून मोकळ्या राहिलेल्या उजव्या बाजूने पहिल्यांदा त्यांना नुसता धुरळा दिसला. मग शिवणयंत्राचं अडलेलं चाक सोडवावं तसं त्यांनी माझं घट्ट चाक हळूच मागेपुढे केलं. मी सगळा जीव एकवटला. पाकळीच्या आतली केशरी घरं एकेक करून उघडली, आणि त्यांच्यामध्ये अडकलेले परागाचे काटेरी गोळे.

"अगं बाई!" रिकाम्या घरात सुलोचनाबाई मोठ्याने म्हणाल्या.

त्या दिवसापासून आमचं दुपारचं गुपित सुरू झालं. हेमेंद्र विम्याच्या कचेरीत, शिखा शाळेत शिकवायला. कपाटाची किल्ली देवघराच्या खणातच असायची. ती कुणी लपवली नव्हती. आई तिला हात लावेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. बाई मला कुशीत धरून गॅलरीत आणायच्या. कांद्याचा पापुद्रा, दह्याचा थेंब, तुळशीच्या पानावरची लव, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरचं शेवाळ. रोग असतात म्हणे! इथे तर बाईंना बघायला दुपार पुरत नव्हती.

आणि मग त्या रंगवू लागल्या. शिखाच्या शाळेतून आलेल्या, तळाशी थोडा रंग उरलेल्या बाटल्या आणि जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी. जन्मभर त्यांनी ठिपक्यांची रांगोळी काढलेली. पहिली चित्रंही तशीच झाली, जसं दिसलं तसं, मोजूनमापून आणि बेजान. थेंब सुकायचा, किडा पळायचा, चित्र अर्धवट राहायचं. एकदा वैतागून त्यांनी मला लवकर कपाटात ठेवलं आणि स्वयंपाकघरात बसून डोळ्यांपुढे जे उरलं होतं तेवढंच काढलं. कांद्याच्या पापुद्र्याच्या रिकाम्या खोल्याच खोल्या झाल्या, आणि त्यांच्यातल्या एकीतच दिवा लागलेला. ते पान, फूल, माणूस, काहीच नव्हतं. बाईंनी कागद चारही बाजूंनी फिरवून पाहिला. "हे काय झालं ग?" असं स्वतःलाच विचारलं आणि पोरीबाळींसारख्या हसल्या. मग तशीच चित्रं होत गेली. वाळली की ती दिवाणाच्या गादीखाली जायची.

एक गोष्ट मात्र मला छळत होती. प्रत्येक चित्रात डाव्या अंगाला एक लालसर ढग असायचा. बाईंना वाटायचं, जगातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात अशी लाली असते. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अहो बाई, ती कांद्यातली नाही, तुमच्या लेकाच्या बोटाची आहे! पण मला वाचा नाही. संध्याकाळच्या आत मी पुन्हा मखमलीवर, बाई पुन्हा भाजी निवडायला, आणि कुलूप पुन्हा जागेवर.

अशात एके दिवशी जेवताना हेमेंद्र आनंदाने म्हणाला, "आई, मेडिकल कॉलेजवाले तयार झाले! बाबांचा मायक्रोस्कोप ते आपल्या नव्या दालनात लावणार. एकदम पक्कं सील. हवासुद्धा लागणार नाही त्याला. बाबांच्या नावाची पितळेची प्लेटही बनायला दिली मी. इतनी इज्जत किसको मिलती है?"

बैठकीतून मी ऐकत होतो. आता बाई बोलतील, असं वाटलं.

"बरं," असं बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला गॅलरीत आणलं. माझ्याखाली काहीच ठेवलं नाही. नुसता माझ्या पायावर हात ठेवून बसल्या. "तुला देऊन टाकलं तर मी दुपारी काय करू रे?" त्या म्हणाल्या. "पण तो इतका खूश आहे. आणि मागू कसं? आजवर काही मागितलंच नाही मी. तोंडातून शब्दच फुटत नाही." मित्रांनो, कुलूप लोखंडाचंच असतं असं नाही, हे मला त्या दुपारी उमगलं. मी हवेशिवाय कायमचा बंद होणार होतो, आणि त्यांची नुकती उघडलेली खिडकी माझ्याबरोबर बंद होणार होती. वाचवू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते गप्प होतं.

दिवस जात राहिले. बाई रोज बघायच्या, रोज रंगवायच्या आणि रोज जेवताना गप्प बसायच्या.

शेवटी एका दुपारी वेळेच्या आधीच घंटी वाजली. बाईंनी घाईघाईने मला उचलून कपाटात ठेवलं. कुलूप लावायचं राहून गेलं, आणि माझ्या चिमट्याखाली शेवाळाची ओली काचपट्टीही तशीच राहिली. हेमेंद्रबरोबर कॉलेजच्या डॉक्टर अवंतिका आल्या होत्या, मला बघायला. पण डॉक्टर ती डॉक्टरच. कपाटासमोर हात जोडून उभं राहणं त्यांना जमलं नाही. त्यांनी सरळ मला उचललं, गॅलरीत नेलं आणि डोळा लावला.

"अरे, यात तर ताजं शेवाळ आहे," त्या म्हणाल्या. "पाणीपण सुकलं नाही अजून. कोण वापरतं हा?"

"कोई नहीं, मॅडम," हेमेंद्र म्हणाला. "बाबांच्यानंतर याला कोणी हातच लावला नाही."

सुलोचनाबाई ताटात पाण्याचे पेले घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"मी," त्या म्हणाल्या. "मी वापरते. रोज दुपारी."

"तू? आई, बाबांच्या चीजेला? अन् मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

बाई आत गेल्या, दिवाणाची गादी उचलली आणि सगळी कॅलेंडरं आणून त्यांच्यापुढे पसरली. हेमेंद्र बघतच राहिला. महिन्यांच्या पाठीमागे हिरवं, केशरी, निळं असं काहीतरी फुललेलं होतं, आणि त्याच्या आईने ते केलं होतं.

अवंतिकाबाई एकेक चित्र हातात घेऊ लागल्या. "हा कांदा ना, काकू? अन् ही तुळशीची लव? वा! पण हा लाल ढग सगळीकडे कसा काय?"

"तो तर सगळ्यातच असतो ना?" बाईंनी विचारलं.

अवंतिकाबाईंनी माझं वरचं भिंग उजेडात तिरकं धरलं. मग पर्समधून मऊ कापड काढलं, काचेवर हलकेच फुंकर घातली आणि बराच वेळ हळूहळू पुसलं. कापड लाल-पिवळं झालं. "कुंकू आहे, काकू."

हेमेंद्रने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "दसऱ्याचं," तो ओशाळून म्हणाला. "मीच लावतो."

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे मी इतके दिवस चुकीचंच काढत होते."

"चित्रातलं मला कळत नाही," अवंतिकाबाई म्हणाल्या. "पण आता बघा तर खरं."

बाई वाकल्या. बुरशीची कड सोडली तर माझी नजर आता लख्ख होती. खूप वेळाने त्यांनी मान वर केली. "हेमू," त्या म्हणाल्या, "इकडे ये. तू बघ."

हेमेंद्र पुढे आला आणि थांबला. त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, पण उभा राहिला तो त्या अर्ध्या चड्डीतल्या पोरासारखा. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी त्याचा हात पाठीमागून सोडवला आणि त्याचं बोट माझ्या चाकावर ठेवलं.

"लाव हात. लाव रे. काही होत नाही."

त्याने डोळा लावला. आधी भलताच डोळा मिटला, मग बरोबर मिटला. शेवाळाच्या हिरव्या पानाआडून एक पारदर्शक, गुबगुबीत जीव तोंड उघडत-मिटत बाहेर येत होता. "हलतंय!" हेमेंद्र ओरडला. "आई, अंदर कुछ हिल रहा है! जिंदा है!" मग तो तसाच वाकून राहिला.

"बाबांनी मला हे कधी दाखवलं नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही, बाळा."

मग सुलोचनाबाईंनी पदर सावरला आणि त्यांच्या तोंडून ते शब्द एकदाचे निघाले. "हेमू, हा देऊ नकोस ना रे. मला पाहिजे."

हेमेंद्रने अवंतिकाबाईंकडे पाहिलं. शब्द दिलेला, प्लेट बनवायला टाकलेली. अवंतिकाबाईच म्हणाल्या, "आमच्याकडे हा सगळ्यांना दिसेल हो. पण यातून कुणालाच काही दिसणार नाही."

"मग तुम्ही कपाट घेऊन जा, मॅडम," हेमेंद्र म्हणाला. "बाबांचा कोट ठेवतो त्यात, चष्मा ठेवतो, डिग्री ठेवतो. प्लेट त्याच्यावरच लावा. हा आईजवळ राहू दे."

आणि मित्रांनो, खरोखर तसंच झालं. ते सागवानी कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं, की खालच्या मजल्यावरचे लोक मदतीला आले. मी गॅलरीतून त्याचा आवाज ऐकत होतो. इतका आनंद मला अंबाल्याच्या पेटीतून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

आता मी गॅलरीतल्या टेबलावर असतो. बाईंनी माझ्यासाठी सुती खोळ शिवली आहे. एका भिंगाची कड बुरशीने खाल्ली, ती आता साफ होणार नाही. कपाटातली वर्षं परत येत नाहीत, माझीही नाहीत आणि बाईंचीही. कधीकधी दुपारी त्या रंगवता रंगवता थांबतात आणि उगाचच दाराकडे बघतात, कुणी आलं की काय म्हणून. जुनी सवय आहे, जाता जाता जाईल. लाल ढग मात्र त्या अजून काढतात. हेमेंद्रने विचारलं तर म्हणाल्या, "आधी तो चुकून यायचा. आता मला हवा तिथे मी घालते."

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरात, शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याच्या काचेला बोट लावू नका, मऊ कापडाने पुसा, धुळीपासून झाका. त्याची पूजा जरूर करा, पण कुंकू पायाला लावा आणि कुलूप लावू नका. आणि त्याच्याखाली काही सुंदर दिसलं, तर घरात ज्या माणसाला आजवर कुणी "ये, तूही बघ" असं म्हटलं नसेल, त्याला हाक मारा. ते म्हणेल, "राहू दे, मला काय कळतंय त्यातलं!" तरी त्याचा हात धरून आणा. आधी त्याला बघू द्या, पोटभर बघू द्या. तुम्ही नंतर बघा.